विमानाच्या चाकातली हवा सोडताना

सायकलच्या चाकातली हवा सोडणे हा शाळकरी मुलांचा फार जुना खोडसाळपणा आहे. व्हॉल्व्हवरचा नट दोन आटे फिरवला की फुस्स असा आवाज होतो आणि मिनिटभरात चाक जमिनीला टेकते. घाई करून नट पूर्ण फिरवला, तर आतला छोटा व्हॉल्व्ह रबरी नळीसकट टुणकन उडतो आणि मग तो मातीत शोधत बसावे लागते. यापलीकडे नुकसान होत नाही, कारण सायकलच्या चाकात हवा थोडी असते आणि तिचा दाबही बेताचा असतो.

हेच काम विमानाच्या चाकाबाबत करायचे असेल तर? विमानतळावरच्या तंत्रज्ञांना ते नेहमी करावे लागते. टायर झिजतात, ब्रेक बदलावे लागतात, धक्के शोषणाऱ्या खांबांची सीले गळू लागतात. अशा प्रत्येक वेळी आधी दाब उतरवावा लागतो. कोणता नट आधी फिरवायचा, किती फिरवायचा, कोठे उभे राहायचे हे सारे ठरलेले असते. हा क्रम चुकल्यामुळे माणसे जायबंदी झाली आहेत, प्राणासही मुकली आहेत. या क्रमामागे जे भौतिकशास्त्र आहे ते आपल्या आठवी-नववीच्या पुस्तकातलेच आहे. ते आपण पाहू.

दाब म्हणजे साठवलेली ऊर्जा

मोटारीच्या टायरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो असतो, मालमोटारीच्या टायरमधला आठ किलोच्या आसपास. दीडशे-पावणेदोनशे उतारूंना नेणाऱ्या विमानाच्या मुख्य चाकात तो सुमारे १४ किलो असतो. (हे सर्व आकडे वातावरणाच्या दाबाच्या वरचे आहेत.) पोस्टकार्डाचे क्षेत्रफळ सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे टायरच्या आत पोस्टकार्डाएवढ्या जागेवर पावणेदोन टनांचा भार पडत असतो.

पण केवळ दाब मोठा म्हणून धोका मोठा, असे नाही. दाबाखाली काय आहे, हेही महत्त्वाचे. समजा, टायरमध्ये २५० लिटर वायू मावतो. तेवढ्याच आकाराच्या टाकीत पाणी भरून त्यावर तेवढाच दाब दिला, तर पाण्याचे आकारमान जेमतेम १६० मिलिलिटरने कमी होते आणि त्यात सुमारे १०० ज्यूल ऊर्जा साठते. वायू मात्र दाबला की खूप आकसतो आणि सोडला की तितकाच पसरतो. त्यामुळे टायरमधल्या वायूत साठलेली ऊर्जा ढोबळ हिशोबाने साडेतीन लाख ज्यूलच्या वर जाते. एक टन वजनाची मोटार दहा-बारा मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवायला साधारण एवढीच ऊर्जा लागेल. दाबाखाली वापरायच्या टाक्या आणि सिलिंडर पाणी भरून तपासतात त्याचे कारण हेच. टाकीला तडा गेला तर थोडे पाणी उडते, टाकीचे तुकडे होऊन उडत नाहीत.

ही ऊर्जा लहानशा भोकातून हळूहळू बाहेर पडली, तर केवळ आवाज होतो. तीच क्षणार्धात बाहेर पडली, तर स्फोट होतो. दाब सुरक्षितपणे सोडणे म्हणजे ऊर्जेला बाहेर पडायला अरुंद वाट आणि पुरेसा वेळ देणे.

टायर रिकामा करताना

विमानाचे चाक एकसंध नसते. त्याचे दोन अर्धे भाग समोरासमोर ठेवून बोल्टांनी जोडलेले असतात. विमानाचा टायर फार ताठ असतो, तो सायकलच्या टायरसारखा पान्याने उचकटून रिमवर चढवता येत नाही, म्हणून ही रचना. टायर भरलेला असताना आतला वायू या दोन अर्ध्या भागांना सतत एकमेकांपासून दूर ढकलत असतो आणि बोल्ट त्यांना धरून ठेवतात. अशा वेळी बोल्ट सैल करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. एकेक बोल्ट सैल होईल तसा उरलेल्या बोल्टांवरचा भार वाढत जातो आणि शेवटी ते एकदम तुटतात. म्हणून पहिला नियम असा की, वायू पूर्ण बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय चाकाच्या बोल्टांना हात लावायचा नाही. चाकाला तडा गेल्याचा किंवा एखादा बोल्ट तुटल्याचा संशय असेल, तर चाक आसावरून उतरवण्यापूर्वीच ते रिकामे करावे लागते.

महामार्गावरच्या टायरच्या दुकानांत हाच धोका वेगळ्या रूपात दिसतो. मालमोटारींच्या अनेक चाकांवर टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसेल किंवा हवा असताना ती काढायचा प्रयत्न झाला, तर ती गोफणीतल्या दगडासारखी उडते. म्हणूनच हवा भरताना असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, असे सांगतात. विमानाची नवी जोडलेली चाकेही अशाच पिंजऱ्यात ठेवून भरतात.

वायू सोडायचा तो व्हॉल्व्हमधून. व्हॉल्व्हच्या नळीत स्प्रिंगची एक बारीक पिन असते. ती दाबून धरणारी एक खास टोपी व्हॉल्व्हवर चढवतात आणि बाजूला उभे राहून वायू सावकाश जाऊ देतात. दाब असताना पिनच आटे फिरवून काढली, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. सायकलचा व्हॉल्व्ह उडतो तोच हा प्रकार, मात्र येथे डोळा जाऊ शकतो.

आवाज थांबला म्हणजे टायर रिकामा झाला का? येथे एक फसवणूक आहे. वायू बाहेर पडत असताना आत उरलेला वायू पसरतो. बाहेर जाणाऱ्या वायूला ढकलण्याचे काम तोच करतो आणि ते करताना त्याची आंतरिक ऊर्जा खर्च होते. त्यामुळे तो थंड होतो. टायरमध्ये थोडी जरी आर्द्रता असली, तरी व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेत तिचा बर्फ होतो आणि वाट बंद होते. फुस्स आवाज थांबतो, पण आत दाब शिल्लकच असतो. थोड्या वेळाने बर्फ वितळतो आणि वायू पुन्हा येऊ लागतो. म्हणून आवाज थांबल्यावर काही वेळ थांबायचे, पुन्हा पाहायचे, मग बाजूला उभे राहून पिन काढायची आणि ती बाहेरच ठेवायची. बोल्टांची पाळी त्यानंतर.

गरम चाकाजवळ जाऊ नये

६० टनांचे विमान सेकंदाला ७० मीटर वेगाने धावपट्टीवर टेकते तेव्हा त्याची गतिज ऊर्जा १४ कोटी ७० लाख ज्यूल असते. थोडी हवेच्या अवरोधात जाते, थोडी इंजिनांचा उलटा झोत घेतो. उरलेल्या बऱ्याच ऊर्जेची ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता होते. या चकत्या चाकाच्या पोकळीतच असतात. त्यांची उष्णता चाकापर्यंत आणि टायरमधल्या वायूपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यामुळे विमान उभे राहिल्यावरही काही मिनिटे चाक तापतच जाते.

स्थिर आकारमानाच्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्विन आणि १२७ अंश म्हणजे ४००. निरपेक्ष दाब १५ किलो असेल तर तो २० होईल, म्हणजे दाबमापकावर १४ ऐवजी १९ दिसतील. चाकाला तडा असेल, तर एवढी वाढ पुरते.

यासाठी चाकातच एक सोय केलेली असते. रिममध्ये तीन-चार भोके असतात आणि ती ठराविक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने बुजवलेली असतात. चाक फार तापले की हा मिश्रधातू वितळतो आणि टायर फुटण्याऐवजी भोकांतून रिकामा होतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह याच तत्त्वावर काम करतो. शिटीची वाट तुंबली आणि कुकर फार तापला, की व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफेला वाट मिळते.

तरीही गरम चाकातला वायू माणसाने सोडायचा नसतो, ते निवू द्यायचे असते. जवळ जाणे भागच असेल, तर पुढून किंवा मागून जातात, आसाच्या रेषेत, म्हणजे बाजूने, कधीच नाही. चाक फुटले तर रिमचे तुकडे आसाच्या दिशेने उडतात.

टायरमध्ये हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरण्याचे कारणही उष्णतेशीच निगडित आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेले बोइंग ७२७ जातीचे विमान डोंगरात कोसळले आणि त्यातील सर्व १६७ जण मरण पावले. ब्रेक घासत राहिल्यामुळे एक चाक अतिशय तापले होते आणि त्याच्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. उड्डाणानंतर चाक पोटात घेतले गेले आणि तेथेच टायरचा स्फोट होऊन इंधनाच्या व तेलाच्या नळ्या फुटल्या. फार तापलेल्या रबरातून ज्वालाग्राही वाफा निघतात आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्या टायरच्या आतच पेट घेतात. १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजन भरण्याची सक्ती केली. टायरमधल्या वायूत ऑक्सिजन ५ टक्क्यांहून जास्त असता कामा नये, असा नियम आहे.

दोन षटकोनांची गोष्ट

चाकाच्या वर विमानाचा भार पेलणारा जो खांब असतो त्याला स्ट्रट म्हणतात. एका नळकांड्यात दुसरे नळकांडे सरकते, आत तेल आणि त्यावर नायट्रोजन. विमान टेकले की तेल एका अरुंद छिद्रातून जोराने जाते आणि धक्क्याच्या ऊर्जेची उष्णता होते. विमान उभे असताना भार पेलतो तो मात्र दाबलेला वायू. म्हणून येथे दाब टायरपेक्षा कितीतरी जास्त, चौरस सेंटिमीटरला १०० किलोच्या घरात असू शकतो.

स्ट्रटच्या व्हॉल्व्हवर दोन षटकोन असतात. वरचा नट सैल केला की वायू निघण्याची वाट उघडते. खालचा षटकोन हे व्हॉल्व्हचे अंगच असते आणि ते आट्यांनी स्ट्रटमध्ये बसवलेले असते. पाना चुकून खालच्या षटकोनावर चालवला, तर शेवटच्या आट्याला अख्खा व्हॉल्व्ह सुटतो. भोक १ चौरस सेंटिमीटरचे आणि व्हॉल्व्ह १०० ग्रॅमचा धरला, तर त्याला त्याच्या वजनाच्या हजारपट बलाने धक्का बसेल. व्हॉल्व्हच्या एका प्रकारात वरचा नट लहान असतो, त्यामुळे चूक लक्षात येऊ शकते. दुसऱ्या, जास्त दाबाच्या प्रकारात दोन्ही षटकोन एकाच मापाचे असतात आणि एकच पाना दोन्हींना बसतो. तेथे पान्यावर भरवसा ठेवता येत नाही, डोळ्यांनी पाहूनच नट ठरवावा लागतो.

वरचा नटही किंचितच फिरवायचा. दाबाखाली तेलात विरघळलेला नायट्रोजन सोडावॉटरच्या बाटलीसारखा फसफसून निघतो आणि तेलाचे तुषार उडतात. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणखी दोन गोष्टी. विमान चाकांवर उभे असताना स्ट्रटमधला वायू सोडला, की विमान खाली बसते. सील घट्ट असेल तर ते काही वेळ अडकून राहते आणि मग एकदम दचकून उतरते. म्हणून आधी खालची माणसे, शिड्या, घोड्या हलवाव्या लागतात. याउलट विमान जॅकवर उचललेले असेल, तर स्ट्रट मोकळा लोंबताना दिसतो. पण लोंबणारा स्ट्रट रिकामा नसतो. वायूला जास्त जागा मिळाल्याने दाब कमी झालेला असतो, शून्य झालेला नसतो. बॉइलचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो.

वर्गात करून पाहावे

सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या. एकीत पाणी आणि एकीत हवा भरा. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबायला सांगा. पाण्याचा दट्ट्या हलत नाही. हवेचा अर्ध्यापर्यंत जातो आणि सोडला की उसळून मागे येतो. ऊर्जा कोठे साठली होती, हे मुले आपणहून सांगतील. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते आणि हवा सोडताना व्हॉल्व्ह गार लागतो, हेही त्यांना हाताने पाहू द्या.

शेवटी एक प्रश्न विचारा. कुकर गॅसवरून उतरवला, शिटी थांबली, तरी आई झाकण का उघडू देत नाही? आवाज थांबणे आणि दाब संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उत्तर ज्याला सापडले त्याला विमानाचे चाक कसे रिकामे करायचे याचे मर्म कळले, असे समजायला हरकत नाही.