स्तनाची सोनोग्राफी कशासाठी?
गडहिंग्लजमध्ये सोनोग्राफी म्हटलं की गरोदरपण आठवतं, फार तर मुतखडा. स्तनासाठीही ती करतात, हे कमी जणींना ठाऊक असतं.

गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे सोनोग्राफीत चटकन कळतं. क्ष-किरण नसल्याने तरुण आणि गरोदर स्त्रियांची तपासणी बहुधा इथूनच सुरू होते. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, दाट स्तन पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी गाय शोधावी तसं. जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे ७३ हजार स्त्रियांच्या चाचणीत दोन्ही तपासण्या मिळून ९१ टक्के कर्करोग सापडले, नुसत्या मॅमोग्राफीने ७७. मात्र कर्करोग नसताना उठलेल्या शंकाही वाढल्या. शिवाय कॅल्शियमचे सूक्ष्म कण, म्हणजे सुरुवातीच्या कर्करोगाची एक खूण, सोनोग्राफीतून सहसा निसटतात. त्यामुळे ती मॅमोग्राफीच्या जोडीला हवी, जागी नव्हे.

आणि यंत्राआधी हात आहेतच. टाटा रुग्णालयाने मुंबईत १९९८पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासले. पन्नाशीपुढच्या गटात स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. तरुण गटात तसा फायदा दिसला नाही.