कॅनडाचे गहू मंडळ : एकाधिकाराच्या मोलाचा वाद

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि आल्बर्टा या तीन प्रेअरी प्रांतांत, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांच्या प्रदेशात, आणि त्यांना लागून असलेल्या ब्रिटिश कोलंबियातील पीस नदीच्या खोऱ्यात पिकणारा गहू जवळजवळ सत्तर वर्षे एकाच संस्थेमार्फत विकला जात असे. ‘कॅनेडियन व्हीट बोर्ड’ हे तिचे नाव. विनिपेग शहरात मुख्यालय असलेल्या या मंडळाचा कारभार सत्तर हजारांच्या आसपास शेतकऱ्यांशी होता आणि जगातील गहू-सातूच्या सर्वांत मोठ्या विक्रेत्यांत त्याची गणना होत असे. आपले धान्य मंडळाला वगळून विकण्याची मुभा शेतकऱ्याला असावी की नसावी, या एका प्रश्नावर तेथील शेतकऱ्यांनी केलेला वाद इतका दीर्घ आणि इतका तपशीलवार आहे की शेतमालाच्या बाजारव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याने तो मुळापासून समजून घ्यावा.

या वादाचे मूळ गव्हाच्या भावाइतकेच रेल्वेच्या डब्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रेअरीतील शेतकरी समुद्रापासून हजारो किलोमीटर दूर होता. गावच्या रेल्वे स्थानकाशेजारी ‘एलिव्हेटर’ नावाची उंच धान्यकोठारे असत. धान्य तोलणे, त्याची प्रत ठरवणे, कचऱ्यापोटी वजावट करणे आणि ते डब्यात भरणे ही सारी कामे तेथेच होत, आणि ही कोठारे मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात होती. तोलाईत आणि प्रतवारीत आपण नागवले जातो, ही तक्रार महाराष्ट्रातील कोणत्याही बाजार समितीच्या आवारात ओळखीची वाटेल अशीच होती. १९०१ साली इंडियन हेड या गावी शेतकऱ्यांनी संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिंटालुटा येथील प्रकरणात, डब्यांचे वाटप कायद्यानुसार होत नाही म्हणून, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या स्थानिक प्रतिनिधीवर खटला भरून तो जिंकला. एकटा शेतकरी रेल्वे आणि कोठार-कंपनी यांच्यापुढे दुबळा असतो, संघटित झाला तरच त्याचे चालते, ही जाणीव मंडळाच्या पुढील समर्थकांना या पिढीकडून वारशाने मिळाली.

पहिले गहू मंडळ १९१९ च्या पिकापुरते स्थापन झाले होते. त्याने उत्तम प्रतीच्या गव्हाला बुशेलमागे (बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो) २.१५ डॉलर आरंभीच दिले आणि विक्री पूर्ण झाल्यावर उरलेली रक्कम वाटून एकूण भाव २.६३ डॉलरपर्यंत नेला. १९२० मध्ये मंडळ बरखास्त झाले आणि त्यानंतर भाव कोसळले. घसरणीचे कारण जागतिक होते, परंतु शेतकऱ्यांच्या स्मरणात मंडळ आणि चांगला भाव यांची सांगड बसली ती कायमची. सरकार मंडळ पुन्हा आणत नाही असे पाहून शेतकऱ्यांनी १९२३-२४ मध्ये तिन्ही प्रांतांत ‘व्हीट पूल’ नावाच्या सहकारी विक्री संस्था उभारल्या. १९२९ च्या पिकाला या संस्थांनी बुशेलमागे एक डॉलर आगाऊ दिला, नेमकी त्याच वेळी महामंदी आली, आणि हाती आलेल्या गव्हाची किंमत दिलेल्या उचलीपेक्षा कमी झाली. १९३२ च्या अखेरीस भाव चाळीस सेंटच्याही खाली गेला. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील या संस्थांना सरकारी हमीने सावरावे लागले आणि त्या अनुभवातून १९३५ चा गहू मंडळ कायदा झाला. मात्र या कायद्याने शेतकऱ्यावर सक्ती केली नव्हती. मंडळाला विकायचे की व्यापाऱ्याला, हे त्याने ठरवायचे होते.

सक्ती आली ती २७ सप्टेंबर १९४३ रोजी, आणि तिचा हेतू शेतकऱ्याला अधिक भाव मिळवून देण्याचा नव्हता, ही गोष्ट मंडळाच्या समर्थकांनी अनेकदा नजरेआड केली. युद्धकाळात गव्हाचे भाव चढू लागले तेव्हा ते आवाक्यात ठेवण्यासाठी आणि ब्रिटनला धान्य पुरवण्यासाठी सरकारने विनिपेगच्या बाजारातील गव्हाचे वायदे बंद करून खरेदीचा एकाधिकार मंडळाला दिला. युद्धानंतर ब्रिटनशी झालेल्या चार वर्षांच्या करारात कॅनडाचा गहू जागतिक भावापेक्षा स्वस्त गेला. त्यापोटी सरकारने पुढे ६.५ कोटी डॉलर दिले, पण ते तुटीच्या मानाने अपुरेच, असे शेतकऱ्यांचे म्हणणे राहिले. १९४९ मध्ये सातू आणि ओट ही पिकेही मंडळाच्या कक्षेत आली. ओट १९८९ मध्ये वगळण्यात आले.

मंडळाची कार्यपद्धती तीन आधारांवर उभी होती. पहिला आधार एकमेव विक्रेतेपणाचा : निर्यातीचा आणि देशातील मानवी आहारासाठीचा गहू व सातू मंडळानेच विकायचा, त्यामुळे प्रेअरीतील शेतकरी एकमेकांशी भावात स्पर्धा करून खाली उतरणार नाहीत आणि जपान किंवा ब्रिटनसारखा उत्तम प्रतीचा गहू मागणारा ग्राहक जास्त दाम मोजेल तेथे तो वसूल करता येईल. दुसरा आधार भावाच्या एकत्रीकरणाचा : १ ऑगस्ट ते ३१ जुलै या पीकवर्षात जेवढी विक्री होईल तिचे सारे उत्पन्न एका खात्यात जमा करून खर्च वजा जाता प्रतीनुसार सर्वांना सारखे वाटायचे. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला पहिली उचल आणि अंतिम हप्ता हे शब्द सांगावे लागत नाहीत. प्रेअरीतील शेतकऱ्यालाही धान्य कोठारात टाकताच पहिली रक्कम मिळे, वर्षाच्या ओघात तीत भर पडे आणि वर्ष सरल्यानंतर काही महिन्यांनी शेवटचा हप्ता हाती येई. तिसरा आधार सरकारी हमीचा : पहिल्या उचलीइतकेही उत्पन्न आले नाही तर तूट संघराज्याच्या तिजोरीने भरायची. ही पहिली उचल सहसा अपेक्षित बाजारभावाच्या बरीच खाली ठेवली जात असल्यामुळे तिजोरीवर भार क्वचितच पडे, आणि मंडळाच्या दीर्घायुष्याचे हेच खरे कारण होते.

येथे महाराष्ट्राचा अनुभव आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत तत्त्व बरेचसे असेच होते. परंतु तिचा हमीभाव बाजारापेक्षा राजकारणाच्या दबावाखाली अधिक ठरू लागला, तोट्याचा बोजा राज्याच्या तिजोरीवर येत गेला, आणि भाव ज्या बाजूला अधिक त्या बाजूला कापूस राज्याची सीमा ओलांडून जाऊ लागला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने खुल्या बाजाराची जी मागणी लावून धरली तिचे तर्कशास्त्र आल्बर्टातील मंडळविरोधकांच्या तर्कशास्त्राहून फारसे निराळे नव्हते.

त्या विरोधकांची बाजू सहज डावलण्यासारखी नाही. त्यांचा पहिला मुद्दा मालकीचा होता : स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या भांडवलावर पिकवलेले धान्य विकण्याचा हक्क शेतकऱ्याला नसेल तर मालकी या शब्दाला अर्थ उरत नाही. अमेरिकेच्या सीमेलगतच्या शेतकऱ्याला पलीकडील कोठारात अधिक भाव दिसे, पण तेथे माल न्यायचा तर तो आधी मंडळाला विकून, मंडळाने ठरवलेल्या किमतीला परत विकत घ्यावा लागे. डुरुम गव्हापासून पास्ता बनवण्याचा सहकारी कारखाना काढू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनाही या फेरखरेदीतून सूट मिळाली नाही. ओंटारिओतील शेतकरी मात्र या कायद्याच्या बाहेर होते, आणि एकाच देशातील ही दुहेरी वागणूक पश्चिमेला सलत असे. मंडळाच्या कक्षेबाहेरील मोहरीवर्गीय कॅनोला, मसूर आणि वाटाणा ही पिके याच प्रेअरीत झपाट्याने वाढली, सस्कॅचेवानची मसूर भारताच्या बाजारातही पोहोचली, याकडे विरोधक बोट दाखवीत. नव्वदच्या दशकात काहींनी परवान्याविना धान्य सीमेपलीकडे नेले. दंड भरण्यास नकार देऊन आल्बर्टातील १३ शेतकरी ३१ ऑक्टोबर २००२ रोजी लेथब्रिज येथे तुरुंगात गेले. आपला गहू विकल्याबद्दल शेतकऱ्याने कारावास भोगावा, हे दृश्य मंडळाच्या समर्थकांनाही अस्वस्थ करणारे होते आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांनी कधी दिले नाही.

मंडळामुळे खरोखर किती अधिक पैसे मिळतात, यावर अर्थशास्त्रज्ञांचेही एकमत झाले नाही. क्राफ्ट, फर्टन आणि टर्च्निविच यांच्या १९९६ च्या अभ्यासाने गव्हाला वर्षाकाठी सुमारे २६.५ कोटी डॉलरचा लाभ दाखवला, तर त्याच वर्षी कार्टर आणि लॉयन्स यांनी मंडळाच्या पद्धतीतील छुपे खर्च या लाभाला पुरून उरतात असे मांडले. मंडळाच्या विक्री करारांतील भाव व्यापारी गुपित म्हणून जाहीर होत नसत, त्यामुळे सामान्य शेतकऱ्याला दोन्ही निष्कर्ष पडताळून पाहण्याचा मार्ग नव्हता. ही गुप्तता मंडळाला महाग पडली. ज्या संस्थेत सामील होणे सक्तीचे असते तिने हिशेब अधिक उघडा ठेवायला हवा होता.

तरीही मंडळाचे काम भावापुरते मोजणे चुकीचे आहे. १९६१ मध्ये चीनला आणि १९६३ मध्ये सोव्हिएत संघाला झालेल्या प्रचंड विक्रीने कोठारांत साचलेला गहू हलला. १९९६-९७ च्या हिवाळ्यात रेल्वेने धान्य वेळेवर हलवले नाही तेव्हा शेतकऱ्यांच्या वतीने वाहतूक नियामकाकडे तक्रार करणारी संस्था मंडळच होती. तणनाशक सहन करणारा जनुक-परिवर्तित गहू आणण्याचा मोन्सँटोचा बेत ग्राहक देश स्वीकारणार नाहीत, हे मंडळाने ठामपणे सांगितले आणि २००४ मध्ये कंपनीने तो बेत स्थगित केला. यांपैकी एकही काम सुटा शेतकरी करू शकला नसता.

१९९८ च्या दुरुस्तीने मंडळाच्या १५ संचालकांपैकी १० शेतकऱ्यांनी निवडून देण्याची पद्धत आली, आणि कायद्याच्या ४७.१ या कलमात असे बंधन घातले गेले की कोणतेही पीक मंडळाच्या कक्षेतून काढायचे तर मंत्र्याने मंडळाशी सल्लामसलत करावी आणि उत्पादकांचे मतदान घ्यावे. त्याआधी १९९७ च्या सातूविषयक मतदानात सुमारे ६३ टक्के मते एकाधिकाराच्या बाजूने पडली होती. २००७ मध्ये स्टीफन हार्पर यांच्या सरकारने सातूवरच घेतलेल्या मतदानात तीन पर्याय ठेवले : ३८ टक्क्यांनी एकाधिकार, ४८ टक्क्यांनी मंडळ आणि खुला बाजार असे दोन्ही, तर १४ टक्क्यांनी मंडळ पूर्ण वगळणे पसंत केले. सरकारने शेवटच्या दोन गटांची बेरीज करून बहुमत आपल्याकडे असल्याचे सांगितले. समर्थकांच्या मते मधला पर्यायच फसवा होता, कारण एकाधिकार गेल्यावर स्वतःची कोठारे नसलेले मंडळ स्पर्धेत टिकणारच नव्हते. त्यावर आधारलेला मंत्रिमंडळाचा आदेश न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला.

२०११ मध्ये बहुमत मिळताच सरकारने कृषिमंत्री गेरी रिट्झ यांच्या पुढाकाराने एकाधिकार संपवणारे विधेयक आणले आणि कलम ४७.१ चे मतदान घेतले नाही. मंडळाने स्वतःच मतदान घेतले, त्यात गव्हासाठी ६२ टक्के आणि सातूसाठी ५१ टक्के मते एकाधिकार राखण्याच्या बाजूने आली. सरकारने ती मानली नाहीत. ७ डिसेंबर रोजी न्यायमूर्ती डग्लस कॅम्पबेल यांनी मंत्र्याचे वर्तन कायद्याच्या राज्याशी विसंगत ठरवले, १५ डिसेंबरला विधेयकाचा कायदा झाला, आणि पुढच्या जूनमध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायदेशीर बाजू तेथे मिटली. नैतिक बाजू मात्र मिटत नाही : ज्यांच्या धान्याचा प्रश्न होता त्यांना विचारण्याचे वचन संसदेने दिले होते, आणि ते पाळले असते तर निकाल कोणताही लागला तरी तो शेतकऱ्यांचा ठरला असता.

१ ऑगस्ट २०१२ पासून बाजार खुला झाला. पहिले वर्ष चांगल्या भावाचे गेले. २०१३ मध्ये गव्हाचे विक्रमी ३.७५ कोटी टन पीक आले, हिवाळ्यात रेल्वे तुंबली, व्हँकूव्हर बंदरात जहाजे खोळंबली, आणि बंदरातील भाव व शेतावरील भाव यांतील अंतर, ज्याला तेथे ‘बेसिस’ म्हणतात, एरवीपेक्षा कितीतरी रुंदावले. ही वाढलेली रक्कम कोठार-कंपन्यांकडे गेली. मार्च २०१४ मध्ये सरकारला दोन्ही रेल्वे कंपन्यांवर आठवड्याला प्रत्येकी पाच लाख टन धान्य हलवण्याची सक्ती करावी लागली. मंडळाचा एकाधिकार असता तरी डबे वाढले नसते, हे विरोधकांचे म्हणणे खरे आहे. पण बंदरातील चढा भाव तेव्हा एकत्रित खात्यातून शेतकऱ्यांकडेच परतला असता, हेही तितकेच खरे आहे.

एकाधिकार गेल्यावरही उरलेल्या या मंडळाचा ५०.१ टक्के हिस्सा २०१५ मध्ये बंगे ही बहुराष्ट्रीय धान्य कंपनी आणि सौदी अरेबियाची सरकारी शेती-गुंतवणूक कंपनी यांच्या संयुक्त उपक्रमाला २५ कोटी डॉलरला देण्यात आला आणि त्याचे नाव ‘जी-थ्री कॅनडा’ झाले. या व्यवहारासाठीही प्रेअरीतील शेतकऱ्यांचे मतदान घेण्यात आले नाही.