हिरवा, पण खराखुरा!

प्रत्येक ट्रेक ग्रुपमध्ये एक 'गॅजेटवाला' असतो. आमच्याकडे तो मान माझा. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड पाडायचा आणि शनिवारी रात्री गडावर हिरव्या लेझर पेनने पब्लिकला मृग, व्याध, रोहिणी दाखवायची. जाम इम्प्रेशन पडायचं राव!

एका जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मात्र पेनने दगा दिला. दात वाजवणारी थंडी. बटण दाबलं, फिकट ठिपका आला न आला आणि गायब. सोबत ताईचा दहा वर्षांचा मुलगा होता. "मामा, बंद पडलं का रे?" म्हणत त्याने पेन उचललं, बटण दाबून धरलं आणि सरळ नळीत डोकावला. मी झटकन हिसकावून घेतलं खरं, पण मनात हेच, की उजेडच नाही तर होणार काय?

घरी येऊन वाचायला बसलो आणि घाम फुटला.

मंडळी, या नेहमीच्या हिरव्या पेनमध्ये हिरवा दिवा नसतोच! आत असतो ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. त्याचा झोत एका इवल्याशा स्फटिकावर पडतो, तिथून १०६४ नॅनोमीटरचा, तोही अदृश्यच, प्रकाश निघतो. दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो आणि मग कुठे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा रंग बाहेर येतो. उरलेलं इन्फ्रारेड अडवायला पुढे एक फिल्टर हवा. स्वस्तातल्या पेनमध्ये नेमकी त्याचीच काटछाट होते. त्यात थंडी पडली की डायोडची तरंगलांबी सरकते, पहिला स्फटिक त्याचा प्रकाश नीट शोषत नाही आणि हिरवा मरतो. इन्फ्रारेड मात्र चालूच! अमेरिकेतल्या 'निस्ट' या संस्थेने २०१० मध्ये असंच एक पेन तपासलं होतं. हिरवा अगदी मंद, आणि अदृश्य झोत जवळजवळ २० मिलिवॉटचा. झगझगीत उजेड दिसला तर पापणी पाव सेकंदात मिटते. जे दिसतच नाही त्याला पापणी कशी मिटणार?

त्याच संस्थेने घरगुती चाचणीही सांगून ठेवली आहे. टीव्हीच्या रिमोटचा दिवा ज्याला दिसतो असा कॅमेरा घ्यायचा, पेनचा झोत जुन्या सीडीवर पाडायचा आणि परत फेकलेले ठिपके कागदावर बघायचे. माळ्यावरची सीडी काढली. डोळ्यांना फक्त हिरवे ठिपके दिसत होते. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात त्यांच्या बाजूला आणखी पांढुरके ठिपके!

ताईला फोन केला. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली तिसऱ्या दिवशी. ते तीन दिवस कसे गेले ते मलाच माहीत. भाच्याचा पडदा ठणठणीत निघाला. ताई मात्र महिनाभर माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होती.

पेन हातोडीने फोडलं. पण तारे दाखवायची खाज कुठे जाते? तेव्हा ठरवलं, आता जो लेझर हातात घेईन तो मुळातच हिरवा असेल आणि स्वतः जुळवलेला असेल.

मुळातच हिरवा डायोड ही चीज तशी नवी. लाल डायोड जुने, निळा-जांभळा जपानच्या निचियामध्ये शुजी नाकामुरांनी १९९६ च्या सुमारास साधला. (त्यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं, ते निळ्या एलईडीसाठी.) हिरव्यासाठी त्याच गॅलियम नायट्राइडमध्ये इंडियम जास्त घालावं लागतं आणि ते वाढलं की स्फटिकाची घडी विस्कटते. २००९ मध्ये निचिया, ओसराम आणि सुमितोमो यांनी ही कोंडी फोडली. घाई होती ती छोट्या प्रोजेक्टरसाठी. आमच्यासारख्या हौशींचं त्यात आयतंच फावलं.

मी ५२० नॅनोमीटरचा, ५० मिलिवॉटचा डायोड मागवला. एक वॉटवालेही मिळतात, पण त्यांच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे नुसतं बघणंही धोक्याचं. तो मोह टाळला. बाकी सामान बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत. भोसरीच्या एका लेथवाल्या काकांनी ॲल्युमिनियमच्या दांड्याला आतून बोअर मारून दिला. डायोडची उष्णता त्या धातूनेच ओढून घ्यायची. "टॉर्च करताय काय?" काका म्हणाले. हो म्हटलं, कोण समजावत बसणार!

खरी गंमत ड्रायव्हरची. डायोडला ठरावीक करंटच हवा, जराही जास्त चालत नाही. शिवाय हिरव्याला व्होल्टेज जास्त लागतं, एका लिथियम सेलचे ३.७ व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून ते वाढवणारा ड्रायव्हर लागतो. आधी साधे डायोड आणि एक ओहमचा रेझिस्टर लावून करंट मोजला. अगदी बरोबर होता. खुशीत लेझर डायोड जोडला... क्षणभर चमकला आणि मग नुसता मिणमिणता, पसरट उजेड. आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज रिकामा करायचा राहिला होता. महागडा लेझर एका क्षणात एलईडी झाला! त्या महिन्यात मी डबा घरूनच नेला.

दुसऱ्या वेळी मनगटाला अर्थिंगचा पट्टा, कपॅसिटर शॉर्ट करून रिकामा, डोळ्यांवर ५२० साठीचा नारिंगी गॉगल. समोर कागद, त्याच्याकडे बघायला मोबाइलचा कॅमेरा. करंट हळूहळू चढवला. आधी धुरकट हिरवट उजेड, अजून थोडा, अजून थोडा... आणि एका टप्प्यावर तो उजेड एकदम गोळा होऊन धारदार रेघ झाला. त्या उंबरठ्याच्या जरासंच वर मी थांबलो. एका मित्राच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पॉवर मोजून घेतली, पाच मिलिवॉटच्या आत. ५३२ पेक्षा हा रंग किंचित निळसर, डोळ्यांना थोडा मंद भासतो. तारे दाखवायला पुरतो.

ऑफिसमध्ये एकाने विचारलं, "एवढ्याशा पॉवरसाठी एवढा उपद्व्याप?" त्याला २०२३ च्या गणेशोत्सवाची आठवण करून दिली. मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी डोळे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि पुढच्या वर्षी पुणे पोलिसांना बंदी घालावी लागली होती. तो गप्प बसला. बहुतेक त्याच्याच मंडळाचा विषय असावा!

यंदाच्या जानेवारीत पुन्हा हरिश्चंद्रगड. ताईने भाच्याला पाठवलं, हेच खूप. तीच थंडी. बटण दाबलं आणि हिरवी रेघ थेट व्याधापर्यंत. भाच्याने बघितलं, पण हात पुढे केला नाही.

"मामा, ठिपका चपटा का आहे?"

"डायोडचा असाच असतो रे. जुन्याचा गोल यायचा."

"बरं," तो म्हणाला, आणि पाठपिशवीतून सीडी काढली.