दारू, गोळी आणि मनाचा आजार

काजूच्या हंगामात पेडणे-डिचोलीकडे भट्ट्या पेटतात. पिणारे पुष्कळ, पण काहींच्या पिण्यामागे वेगळेच दुखणे असते. झोप लागत नाही, सतत धास्ती वाटते, जगण्याचा कंटाळा येतो. त्यावर उतारा म्हणून माणूस पितो. घटकाभर बरे वाटते, पण दारूच मन खचवते व झोप मोडते. मग कोणी झोपेची गोळी घेतो, कोणी गांजा ओढतो. दारू व गोळी एकत्र पोटात गेल्यास श्वास बंद पडू शकतो. गांज्याने काहींना भास होतात, संशय जडतो.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकाएकी तोडू नये. हात कापणे, फिट येणे, दोन-तीन दिवसांनी भ्रम होणे, ही बाहेरची बाधा नव्हे. हा प्राणावर बेतणारा आजार आहे. रोग्याला त्वरित इस्पितळात न्यावे. व्यसन व मन या दोन्हींवर एकदमच उपचार हवेत. बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत ते होतात. प्रार्थना अवश्य करावी, पण औषध थांबवू नये.

व्यसन पक्के जडण्यापूर्वी साधे बोलणेही उपयोगी पडते. 'संगाथ' संस्थेचा गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांशी फार तर चार भेटी ठरल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या गटातील ३६ टक्के सावरले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. दारुडा म्हणून हिणवण्यापेक्षा त्याला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे.