पर्यावरण जनजागृती आणि ॲनिमेशन लघुपट

पर्यावरण शिक्षणात लघुपटांना न्यायालयीन अधिष्ठान लाभले ते २२ नोव्हेंबर १९९१ रोजी. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक संदेश विनामूल्य दाखविण्याचे, तसेच या विषयावर लघुपट निर्माण करण्याचे निर्देश दिले. शिक्षणात हा विषय सक्तीचा करण्याचा आग्रहही त्याच निकालात होता.

या कार्यात ॲनिमेशनचे सामर्थ्य विशेष आहे. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या प्रक्रिया ते दृश्यमान करते. उदाहरणार्थ, भूजलात झिरपणारे सांडपाणी किंवा अन्नसाखळीत साठत जाणारा पारा. काळाचा संक्षेपही ते साधते. फ्रेडरिक बाक यांच्या 'द मॅन हू प्लँटेड ट्रीज' (१९८७) या ऑस्करविजेत्या लघुपटात एका मेंढपाळाने लावलेले अरण्य सुमारे अर्ध्या तासात उभे राहते.

तथापि पडद्यावरील नदी परकी राहिली, तर जाणीव तेथेच संपते. कारेगावच्या विद्यार्थ्यासमोर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, तालुक्यात घोड नदी आहे. म्हणून लघुपटानंतर प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारावा : आपल्या गावाचे सांडपाणी कोठे जाते? उत्तराच्या शोधात विद्यार्थी ओढ्यापर्यंत चालत गेला, तरच लघुपटाचे प्रयोजन सफल होते.