जुन्या भिंती, नवे स्वयंपाकघर

इंग्लंडमधील कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत विणकर व शेतमजुरांची, मधाळ रंगाच्या चुनखडी दगडाची जुनी घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. अशी दोन-तीन घरे जोडावीत, मधली भिंत काढून सर्व कुटुंबास एकत्र बसता येईल असे प्रशस्त स्वयंपाकघर साधावे, ही आजच्या अनेक मालकांची हौस. परंतु संरक्षित वास्तूचे स्वरूप परवानगीविना बदलणे १९९० च्या कायद्यान्वये फौजदारी गुन्हा ठरतो.

खरी कसोटी त्यापुढेच. या जाड भिंती शोषलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर टाकतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढविला, की ओल आत कोंडते, दगड झिजतो, तुळयांची टोके कुजतात. स्वयंपाकाची वाफ त्यात भर घालते. म्हणून जाणकार चुनाच वापरतात, वाफेला वाट ठेवतात आणि सबंध भिंत न पाडता तीत केवळ रुंद दार काढतात. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची संस्थाही नूतनीकरणाच्या हव्यासापेक्षा वेळेवरच्या डागडुजीचाच आग्रह धरीत आली आहे.

मुद्दल राखून व्याज भोगावे, हा पेढीचा नियम घरालाही लागू पडतो.