अहमदपूर परिसरातील पदवीस्तरीय पर्यावरण शिक्षण : एक मागोवा

पर्यावरण हा विषय पदवीच्या प्रत्येक वर्गात पोहोचला तो न्यायालयाच्या रेट्यामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सक्तीने शिकवला जावा हे तत्त्व मान्य केले. त्या वेळी अहमदपूरची महाविद्यालये औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि अहमदपूरसह लातूर जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

तत्त्व मान्य झाले, पण प्रत्यक्ष तासिका सुरू व्हायला एक तप गेले. न्यायालयाने पुन्हा कान टोचल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. पुण्याचे डॉ. इराक भरूचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. अभ्यासक्रमात आठ घटक आणि पन्नास तासिका होत्या. लेखी परीक्षेला ७५ गुण आणि क्षेत्रकार्याला २५ गुण ठेवले होते. नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या असा क्रम लावून शेवटचा, आठवा घटक विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढणारा होता. जवळची नदी, टेकडी किंवा माळरान पाहून नोंदी करणे, प्रदूषित जागेला भेट देणे, परिसरातील झाडे, कीटक, पक्षी ओळखणे ही त्यातील कामे. संपूर्ण अभ्यासक्रमाचे मोल याच घटकात होते.

अहमदपूरला त्यासाठी लांब जाण्याची गरज नव्हती. तालुका बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला आहे. खाली काळ्या पाषाणाचे थर, त्यावर कुठे खोल काळी जमीन, तर कुठे मुरमाड माळ. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. साठ्याला जागाच थोडी, म्हणून पाऊस ओढला की विहिरी लवकर तळ गाठतात. बोअर आणखी खोल नेला तरी पाणी लागेलच याची खात्री नसते. तालुक्यातून वाहणाऱ्या मन्याड नदीवर शेजारच्या लोहा तालुक्यात लिंबोटीचे धरण, म्हणजे ऊर्ध्व मनार प्रकल्प आहे. खडक, माती, नदी, धरण आणि सोयाबीनचे शेत एकाच फेरीत पाहता येतील असा हा प्रदेश आहे.

तरीही ही संधी बऱ्याच अंशी वाया गेली. कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्वच शाखांना विषय सक्तीचा झाला, पण त्यासाठी स्वतंत्र प्राध्यापक सगळीकडे मिळाले नाहीत. तासिका भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांकडे गेल्या. मोठ्या वर्गांना नदीकाठी नेणे अवघड, म्हणून प्रकल्पवही उतरवून काढणे रूढ झाले. वर्षानुवर्षे सादर झालेल्या या वह्यांत खऱ्या मोजमापांची नोंद असती, तर आज तालुक्याच्या भूजलाचा एक मोलाचा दस्तऐवज हाती असता.

अशा नोंदींची निकड २०१६ मध्ये जिल्ह्याला जाणवली. मांजरा धरण आटले, लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. पाठ्यपुस्तकातील जलसंकटाचा धडा विद्यार्थ्यांच्या दारात आला होता.

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने २०२३ मध्ये पदवीच्या पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला. हवामान बदलाला त्यात ठळक जागा आहे आणि क्षेत्रकार्यही कायम आहे. आता प्रत्येक महाविद्यालयाने आसपासच्या काही विहिरी ठरवून पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांची पाणीपातळी दरवर्षी मोजावी आणि आकडे जपून ठेवावेत. एक मोजपट्टी आणि एक वही एवढ्यावर हे काम भागते, त्यामुळे ते याच वर्षी सुरू करावे.